स्कोपमधली रेघ

काका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे बघायचे. डावा डोळा मिटायचा, मान जरा मागे घ्यायची आणि निकाल द्यायचा, "अर्धं सूत उतरलंय." यजमान पाणी घेऊन येईपर्यंत गणपतीची किंवा नायगाऱ्याची फ्रेम सरळ करून ते शहाण्यासारखे सोफ्यावर बसलेले असायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला त्यांच्याकडून कळलं. माझ्या इंग्रजी शाळेत इंच होते, सूत नव्हतं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. अशा माणसाला घरी बोलवायचं म्हटलं की आपणच आधी भिंतींवरून नजर फिरवून घेतो. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिल गावात सगळी मराठी घरं तेच करायची.

मी काका-काकूंच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहत होते. शॉमबर्गच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्या मशीनमध्ये टाइप करायच्या आणि कुणाशी फारसं न बोलता घरी यायचं. मला ते आवडायचं. काकू पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या होत्या, "तू बोलत नाहीस, पण ताटात काय उरलं ते बघून मला कळतं सगळं." काका मात्र मी बोलत नाही हा गुण समजायचे. ते एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे अवजारं आणि साचे बनवण्याच्या विभागात होते. "आमच्याकडे बडबड करणाऱ्याला मशीनवर उभं करत नाहीत," असं म्हणून त्यांनी मला तळघरात प्रवेश दिला.

तळघरात त्यांची रायफल होती.

काका मूळचे साताऱ्याकडचे. उंचीने बेताचे, खांदे अरुंद. कारखान्यातला डेल नावाचा दांडगा मित्र दर नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला विस्कॉन्सिनमधल्या आपल्या शेतावर जायचा. एका वर्षी तो काकांनाही घेऊन गेला आणि काका परत आले ते बंदुकीचं वेड घेऊन. डेलच्या रायफलचा दस्ता त्यांच्या हाताला फार लांब पडत होता. दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा तो लाकडी भाग. म्हणून त्यांनी लहान चणीच्या माणसांसाठी असते तशी आखूड, हलकी, बोल्ट मागेपुढे ओढून गोळी भरायची रायफल घेतली.

"दुकानदार विचारतो, मुलासाठी का?" काका सांगायचे. "मी म्हटलं, हो. मुलगा सत्तावन्नचा आहे, एवढं सांगितलं नाही."

"शहाणा असता तर त्याला दिसलं असतं," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

काकूंचा मटणाला विरोध नव्हता. बंदूक जिना चढून वर येता कामा नये, एवढी एकच अट. काकांना आजवर एकदाच हरीण मिळालं होतं. त्याच्या मटणाची पाकिटं त्यांनी कौतुकाने घरोघर वाटली. शाकाहारी लोकांनी ती संकोचून घेतली आणि शेजारच्या अमेरिकनांना देऊन टाकली. अमेरिकनांनी दारात येऊन काकांचेच आभार मानले, तेव्हा सगळं उघडकीला आलं. काका महिनाभर त्या घरांच्या भिंतींकडे बघायला गेले नाहीत.

शिकारीपेक्षा त्यांना बंदुकीची जुळणी जास्त आवडायची, असं माझं मत झालं होतं. इलिनॉयमध्ये बंदुकीला हात लावायचा तर राज्याचं कार्ड लागतं. ते माझ्याकडे नव्हतं, त्यामुळे माझं काम टॉर्च धरण्याचं. काका शिकवण्याच्या सुरात सांगत राहायचे.

"आधी खांदा, मग डोळा. लोक उलटं करतात. दुर्बीण बसवतात आणि मग तिच्यामागे मान लांबवत बसतात. बगळे!"

म्हणजे आधी दस्त्याची लांबी आपल्या हाताशी जुळवायची. मग स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, तिला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगांमध्ये सैल ठेवायची. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा आणि डोळे उघडायचे. समोर काळी कडा न येता गोल चित्र पूर्ण दिसलं, तर स्कोप जागेवर. नाही तर तो पुढे-मागे सरकवायचा. फार जवळ आणायचा नाही, कारण हलक्या रायफलचा धक्का मोठा असतो आणि स्कोपची कडा भुवई फोडते. शेवटी आतली उभी रेघ. त्यासाठी तळघराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी तुळईवरून ओळंबा सोडला होता. ओळंब्याची दोरी आणि स्कोपमधली उभी रेघ एकमेकींवर आल्या की स्क्रू आवळायचे, एकदा इकडचा, एकदा तिकडचा, थोडे थोडे.

त्या वर्षी उन्हाळ्यात ती रेघ बिघडली.

"वाकडी आहे," काका म्हणाले. "मधेच पोट आलंय तिला."

त्यांनी रिंगांना दोष दिला. रिंगा काढल्या, आतून घासल्या, परत बसवल्या. रेघ वाकडीच. मग उंच रिंगा आणल्या, मग बुटक्या. मग त्यांना वाटलं, आपला गालच नीट टेकत नाही, डोळा तिरका बसतो. म्हणून दस्ते सुरू झाले. मूळचा अक्रोडाचा होता. त्यानंतर काळा, प्लॅस्टिकसारखा, ओलाव्याने न फुगणारा आला. मग लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेला, मागे चकत्या घालून लांबी कमीजास्त करता येणारा. दर शनिवारी नवा दस्ता, नवी जुळणी आणि तीच रेघ.

एकदा स्कोप सुटा काढून माझ्या हातात दिला. "तू बघ. पोट दिसतंय ना?"

मी बघितलं. रेघ सरळ होती.

"मला नाही दिसत," मी म्हटलं.

"तुला सवय नाही."

शेवटी त्यांनी स्कोप दुकानात परत केला आणि दुसऱ्या कंपनीचा आणला. तो बसवताना मी टॉर्च धरला होता. काका बराच वेळ बघत राहिले. मग रायफल खाली ठेवून म्हणाले, "हाही तसलाच. हल्ली काचाच धड करत नाहीत."

ऑफिसात मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की दोन वेगळ्या मशीनवर अगदी तीच चूक दिसली, तर मशीनला नावं ठेवू नयेत. दोन्हींत समान काय आहे ते बघावं.

समान काय होतं, ते मला दोन दिवसांनी जेवताना कळलं. काकांनी डावा डोळा मिटून ओट्यामागच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्या टाइल्सवाल्याने फसवलं आपल्याला. मधली ओळ बघ, गटांगळी खाल्ल्यासारखी दिसते."

"अकरा वर्षं सरळ होती ती," काकू म्हणाल्या. "आणि काय हो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलात ना? शुगरवाल्यांनी दरवर्षी दाखवायचं असतं."

"आलो की," काका म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. ती थोडी वाटीबाहेर सांडली.

ते गेले नव्हते. अपॉइंटमेंट कॅन्सल केल्याचा फोन त्यांनी माझ्यादेखत तळघरातून केला होता. त्या दिवशी नव्या रिंगा यायच्या होत्या.

मी वर जाऊन इंटरनेटवर वाचत बसले. मधुमेह, सरळ रेघा, वाक. उशीर केला तर गेलेली नजर परत येत नाही, असं सगळीकडे लिहिलं होतं. आणि नोव्हेंबर तीन आठवड्यांवर होता. ज्या माणसाला उजव्या डोळ्याने मधलं नीट दिसत नाही, तो झाडावरच्या मचाणात भरलेली रायफल घेऊन बसणार होता. खाली डेल आणि त्याची माणसं फिरणार होती.

शनिवारी सकाळी मी टॉर्च घेऊन खाली गेले. काका तिसऱ्या दस्त्याच्या चकत्या बदलत होते. स्कोप टेबलावर सुटाच होता.

"काका, एकदा डाव्या डोळ्याने बघता?"

"कशाला? डाव्याला पन्नास वर्षं फक्त मिटायचं काम दिलंय."

"एकदाच."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. त्यांनी स्कोप उचलला, ओळंब्याकडे धरला आणि उजवा डोळा मिटला. मग डावा मिटला. मग पुन्हा उजवा. किती वेळ ते असं करत होते, मला सांगता येणार नाही. वर काकूंचा मिक्सर सुरू होऊन बंद झाला.

काका स्टुलावर बसले.

"सरळ आहे," ते म्हणाले. मग स्कोप टेबलावर ठेवत म्हणाले, "म्हणजे स्कोप चांगला होता. पहिलापण. उगाच त्या दुकानदाराला बोललो मी."

मी टॉर्च विझवला.

"हिला आत्ता सांगायचं नाही. नोव्हेंबर होऊ दे. डेलने मचाण दुरुस्त करून ठेवलंय माझ्यासाठी. आल्यावर जाऊ डॉक्टरकडे, शपथ." ते माझ्याकडे न बघता चकत्या डब्यात भरत होते. "तू काही बोलत नाहीस, मला माहीत आहे. म्हणून तर तुला खाली येऊ देतो."

मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. घाबरले की माझं मराठी पळून जातं. "नो, काका," मी म्हटलं. "टुडे."

"तू सांगणार?"

"तुम्ही सांगा. मी शेजारी उभी राहते."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि जिना चढू लागले. कठडा धरून. त्याआधी त्यांनी कठडा धरलेला मी पाहिला नव्हता.

काकू खोबऱ्याचं वाटण काढत होत्या. काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. दुसरं वाक्य कॅन्सल केलेल्या अपॉइंटमेंटचं होतं. काकूंनी हात धुतले, गॅस बंद केला, हुकावरच्या गाडीच्या किल्ल्या काढून आपल्या पर्समध्ये टाकल्या. मग एकदम ओरडल्या, "आणि माझ्या टाइल्सना नावं ठेवत होतात!" आणि रडायला लागल्या. काका त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अगं, टाइल्स बऱ्या आहेत. टाइल्स एकदम फर्स्ट क्लास आहेत."

डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला लेझर केलं. मधला वाक कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही, असं सांगितलं. डाव्यातही सुरुवात झाली होती, ती वेळेवर सापडली. खांद्याला धक्का बसेल असं काहीही करायचं नाही, म्हणजे रायफल संपली. निघताना डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या लक्षात कसं आलं? काका म्हणाले, "माझ्या नाही. आमच्याकडे एक टेस्टर राहते."

त्या नोव्हेंबरात ते डेलबरोबर गेले, पण पोहे आणि हिरव्या मिरच्या घेऊन. मचाणावर डेलचा भाऊ बसला. काका लाकडी खोलीत चूल सांभाळत राहिले आणि सगळ्यांना सकाळी पोहे खायला घातले. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाले, "डेल मिरची खातो. मला वाटलं नव्हतं." रात्रीचं जेवण झाल्यावर तळघरात जायची त्यांची सवय मात्र सुटली. टीव्हीसमोर बसायचे आणि जाहिराती लागल्या तरी आवाज कमी करायचे नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात मला दूर, देशाच्या पश्चिम टोकाला फ्रीमाँटला नोकरी मिळाली. मी सामान बांधत होते त्या आठवड्यात डेल आपल्या बायकोला घेऊन आला. ती काकांइतकीच उंच, खांदे त्यांच्यासारखेच. काकांनी रायफल तिला देऊन टाकायचं ठरवलं होतं.

"नुसती देणार नाही," ते म्हणाले. "बसवून देणार."

तीनही दस्ते त्यांनी साडीच्या दुकानासारखे टेबलावर मांडले. तिला काळा आवडला. काका म्हणाले, आवडीचं नंतर बघू. त्यांनी तिला जाड कोट घालायला लावला. बाहेर जुलै पेटला होता. तिने हसत विचारलं, आत्ता?

"शिकार कोटात होते, बनियनमध्ये नाही," काका म्हणाले. डेलला हे मी इंग्रजीत सांगितलं. तो एवढा हसला, की वरून काकूंनी काय झालं म्हणून विचारलं.

कोटामुळे काळा दस्ता लांब पडला. पट्ट्यांचा दस्ता चकत्या काढून बरोबर बसला. तिने डोळे मिटून रायफल खांद्याला लावली, उघडले आणि म्हणाली, सगळं दिसतंय. स्कोप जिथे होता तिथे काकांनी खूण करून ठेवली. मग रायफल लाकडी घोडीवर ठेवली. राहिली उभी रेघ.

काका ओळंब्याकडे वाकले. उजवा डोळा आता त्यांच्या भरवशाचा नव्हता. डाव्याला त्याच आठवड्यात लेझर झालं होतं, त्यातून सगळं धुक्यासारखं दिसायचं. ते सरळ झाले आणि बाजूला सरकले.

"तू बघ," मला म्हणाले.

मी वाकले, बंदुकीला हात न लावता. दोरी एका बाजूला, रेघ एका बाजूला.

"उजवीकडे फिरवा. थोडं अजून. जास्त झालं, मागे घ्या. मागे. हां."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी ओळंब्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघत त्यांनी स्क्रू आवळला.