पलीकडचा नळ

नळाच्या पाण्यावर ज्याने आयुष्यात एक दिवसही विश्वास ठेवला नाही असा एकच माणूस मी पाहिला, आणि नेमका त्याच्याच घरात मी सहा वर्षं भाडेकरू होतो. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरात आलो, तेव्हा चामराजपेटेत एक वरचा मजला रिकामा असल्याचं कळलं. घरमालक मराठी, एवढ्यावरच आम्ही नवरा-बायको खूश. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठीच बोलायचे, पण तिच्यात कानडी इतकं मुरलेलं की पहिले दोन महिने मला निम्मंच समजायचं आणि उरलेल्या निम्म्याला मी मान डोलवायचो. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही अण्णा म्हणू लागलो. पगार किती, मासे खाता का, पाहुणे किती येतात, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. "नळ टपटप करत असला तर झोप लागते काय?" एवढंच विचारलं. मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "मला कुठेही झोप लागते." अण्णांचा चेहरा पडला. तेवढ्यात बायको म्हणाली, "मला नाही लागत बाई, मी उठून बंद करते." जागा तिच्यामुळे मिळाली हे अण्णांनी पुढे मला अनेकदा ऐकवलं.

अण्णा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, पत्ते खेळतात. अण्णांनी घराचा नकाशा काढला. त्यात खोल्या पुसट पेन्सिलीने आणि पाइप ठळक निळ्या शाईने. वर्षातून तीन तपासण्या ठरलेल्या. संक्रांत झाली की टाकी आणि नळ, वैशाखात पावसाच्या आधी गच्चीचे पन्हळ आणि पाइप, आणि दसऱ्याच्या आधी गटार, कारण आमच्याकडे दसऱ्याच्या सुमाराला पाऊस पुन्हा येतो आणि जाताना जूनपेक्षा जास्त राग काढून जातो. तपासणीच्या दिवशी अण्णा सकाळी सहाला पत्र्याचा डबा घेऊन वर यायचे. डब्यात पाना, चामड्याचे वायसर, सुतळी, सायकलची वाकवलेली तार. प्लंबर या प्राण्याला त्यांच्या दारात मज्जाव होता. "एक गळती बंद करतो, दोन उघडून जातो," असं त्यांचं प्लंबरांबद्दल मत होतं. मोरीच्या तोंडात तार घालून ते केसांचा गुंता बाहेर काढायचे, उजेडात धरायचे, एकदा माझ्या डोक्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "तुमचे नव्हेत. ते कळतंय." मग बायकोला जाळी बदलायची सूचना व्हायची, आणि ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच टक्कल पाडून घेऊन कामचुकारपणा केला होता.

फ्लशच्या टाकीची परीक्षा वेगळी. टाकीत कपड्यांची नीळ घालायची आणि अर्धा तास कुणी आत जायचं नाही. भांड्यात निळं पाणी उतरलं तर टाकी गळते. एका संक्रांतीनंतर माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आतून जी किंकाळी आली ती ऐकून खालून अण्णा, त्यांची बायको अक्का आणि रस्त्यावरचा भाजीवाला असे तिघे वर धावले. सासूबाई थरथरत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मला डॉक्टरकडे न्या." अण्णांनी आधी आत डोकावून पाहिलं, मग त्यांच्याकडे वळून म्हणाले, "काळजी नको. तुम्ही बऱ्या आहात. वायसर गेलाय." सासूबाई त्यानंतर आमच्याकडे कमी येऊ लागल्या, तेव्हा अण्णांचे माझ्यावर तेवढे उपकार आहेतच.

नकाशात मात्र एक जागा कोरी होती. घराचे दोन भाग झालेले. अर्ध्यात अण्णा, भिंतीपलीकडच्या अर्ध्यात त्यांचा धाकटा भाऊ. लग्न न केलेला, एकटाच राहणारा. वडिलांच्या शिसवी पलंगावरून दोघांचं वाजलं आणि अकरा वर्षं बोलणं बंद, असं अक्का सांगायच्या. पलंग अखेर दोघांपैकी कुणीच नेला नाही, तो वाळवीने नेला. अण्णा भावाचं नावही घेत नसत, "पलीकडे" म्हणत. पण रस्त्यावरून येणारा पाइप एकच होता. मीटर एक, आणि अण्णांच्या धुण्याच्या जागेत त्याला दोन फाटे फुटायचे. पाणी एक दिवसाआड सकाळी यायचं. त्या दिवशी अण्णा पलीकडे जाणाऱ्या फाट्याला स्टीलचा पेला लावायचे, पेल्याला कान लावायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "हंडा झाला. आता बालदी. आज उशीर केला." हे गळती शोधण्यासाठी आहे, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सगळे त्यावर विश्वास ठेवल्यासारखं करायचो. आणि वर्षातून तीनदा, मीटरचा काटा हलतो का हे बघायला, ते घरातले सगळे नळ बंद करायला लावायचे आणि पलीकडच्या फाट्याची चावीही तासभर फिरवून ठेवायचे. पलीकडे कळवण्याचा प्रश्नच नव्हता. बोलणं बंद होतं ना!

एका वर्षीच्या वैशाखातली गोष्ट. मी बॅटरी धरून अण्णांच्या मागे उभा होतो. चावी फिरवण्याआधी त्यांनी पेला लावला. बराच वेळ कान काढला नाही. पेला पुसला, पुन्हा लावला. मग अक्कांना हाक मारली. "पाणी येऊन अर्धा तास झाला. पलीकडे भरत नाही."

"गावाला गेला असेल की," अक्का म्हणाल्या.

"नाही. काल संध्याकाळी खोकत होता."

आमच्या भागात पाण्याच्या दिवशी पाणी न भरणारा माणूस म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अण्णा हातातल्या पान्यासकट, अनवाणी, तसेच रस्त्यावर आले. मी मागोमाग. कोपरा वळून भावाच्या गल्लीत शिरलो. अकरा वर्षांत अण्णांनी तो कोपरा वळला नव्हता. दारावर त्यांनी थाप मारली. "तम्मा!" कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. "तम्मा, दार उघड रे!" आतून काही नाही. अण्णा पान्यानेच दार ठोकू लागले.

दार उघडलं. भाऊ पंचा गुंडाळून उभा, केसांतून पाणी निथळतंय, चेहरा रागाने तापलेला. त्याने अण्णांकडे बघितलं, मग पान्याकडे.

"मारायला आलास काय?"

"पाण्याचा आवाज आला नाही," अण्णा म्हणाले. "अर्धा तास झाला, तू भरलं नाहीस. मला वाटलं..."

भावाने पंचा घट्ट खोचला. मग त्याने मागच्या अंगणाकडे बोट केलं. तिथे नवाकोरा पाइप, नवा मीटर. गल्लीतून त्याने स्वतंत्र कनेक्शन घेतलं होतं आणि त्यात आज पहिल्यांदा पाणी आलं होतं. गल्ली खणल्याचं अण्णांच्या कानावर होतं, पण टेलिफोनची तार असेल म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

"कशाला घेतलंस?"

"कशाला? अकरा वर्षं, वर्षातून तीनदा, मी अंगाला साबण लावून बसलोय अण्णा! तू तिकडून चावी फिरवतोस. वैशाखाच्या आत झालं पाहिजे म्हणून त्या प्लंबरच्या पायऱ्या झिजवल्या. एक शब्द सांगितला असतास, तर मी आधी भरून ठेवलं असतं की."

अण्णांना हे खरोखरच कधी सुचलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक नळाचा विचार करणारा हा माणूस. त्या नळाखाली कुणी बसलेलं असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांची नजर नव्या पाइपावर गेली.

"गळतंय," ते म्हणाले.

"स्वल्प गळतंय."

"स्वल्प म्हणजे काय? गळतंय म्हणजे गळतंय." आणि अण्णा उंबरा ओलांडून आत गेले. मी बॅटरी विझवली आणि घरी आलो. ते दुपारी जेवायच्या वेळेला परतले.

त्यानंतर दोघे भाऊ गळ्यात गळे घालून फिरू लागले, असं काही झालं नाही. बोलायचे ते कामापुरतंच. पुढे आम्ही बनशंकरीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. इथे पाइप भिंतीच्या आत आहेत, गळती झाली की फोन करायचा आणि कुणीतरी येतं. अण्णा आता नाहीत. त्यांची आठवण आली की मला त्याच वर्षीची दसऱ्याआधीची तपासणी आठवते. आदल्या संध्याकाळी ते भिंतीपाशी उभे राहून म्हणाले, "तम्मा, उद्या सहाला तपासणी." पलीकडून "सरी", म्हणजे बरं, असं उत्तर आलं. सांगायची काही गरज नव्हती. पलीकडचं पाणी आता वेगळं होतं, मीटर वेगळा होता. दुसऱ्या दिवशी मी गटारात उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडातली पानं काढायला गच्चीवर गेलो आणि सहज पलीकडे पाहिलं. पाणी आलेलं होतं. भाऊ धुण्याच्या दगडावर बसला होता. समोर नळ घट्ट बंद, खाली बालदी रिकामी.

"अहो, तुमचं कनेक्शन वेगळं आहे," मी वरून म्हणालो. "भरा की पाणी."

त्याने वर बघितलं. "अण्णाने सांगितलंय ना," तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.