कापूरहोळचे कॅप्टनसाहेब

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात हिवाळ्याच्या नव्या जॅकेटांचं कापड निवडत होतो. गावी, पासलीला पोहोचलो तोवर अंगण माणसांनी भरलं होतं आणि ओट्यावर कुणीतरी कापूरहोळच्या कॅप्टनसाहेबांची गोष्ट सांगत होतं. मी मान खाली घालून चपला काढत राहिलो...

तात्या माझे चुलते, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. थंडी पडली की त्यांचा जाडजूड लष्करी कोट ट्रंकेतून निघायचा आणि तो घालूनच ते खाचरांवर फेरी मारायचे. मी पुण्यात कपड्यांचं डिझाइन करू लागलो तो त्या कोटाकडे बघत बघतच. बटणांच्या दोन रांगा वाऱ्यासाठी, उभी होणारी कॉलर कानांसाठी, खांद्यावरची पट्टी बंदुकीचा पट्टा घसरू नये म्हणून. हे सगळं मी माझ्या जॅकेटात उतरवलं. दुकानात टांगलेल्या कितीतरी जॅकेटांचं मूळ असल्याच कोटांत आहे, त्यात मला वावगं काही वाटत नाही. पण खांदे रिकामे दिसतात म्हणून मी पट्ट्यांवर तीन-तीन पितळी तारेही लावले. झकास दिसले.

गेल्या थंडीत तात्यांना डोळे दाखवायला भोरला नेत होतो. मोतीबिंदूमुळे त्यांना ठळक तेवढंच दिसे. कापूरहोळला चहाला थांबलो, तर शेजारच्या टेबलावर माझंच जॅकेट घातलेला एक तरुण मित्रांबरोबर येऊन बसला. मला आधी अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू! तेवढ्यात तात्या कप खाली ठेवून उठले आणि टाचा जुळवून ताठ उभे राहिले.

"जय हिंद, साब!"

तरुण गोंधळला. मग त्यानं मित्रांकडे बघून डोळा मारला. "जय हिंद, जय हिंद. बसा काका." टेबलावर खसखस पिकली.

तात्या बसले. "तीन तारे. कॅप्टन हायेत, न्हाई का?"

"हो तात्या," मी म्हणालो.

"मला बसा म्हनले. लई मोठ्या मनाचा मानूस."

खरं सांगितलं तर म्हाताऱ्याची मान खाली जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर माझी गेली असती. पुढं वेल्ह्याच्या बाजारात, एसटीत, लग्नकार्यात तात्या ती गोष्ट सांगत राहिले. मी समोर असलो की साक्षीला मलाच बोलवायचे, आणि मी मान डोलवायचो.

दहाव्याला काकी जवळ येऊन बसली. "अरुण, तू ह्यांच्यावर प्येपरात लिहिनार हायेस न्हवं? मग त्या सायबांचं नाव हुडकून काड आनि लिही. फौज सुटल्यापास्नं ह्यांना तेवडा मान कुनी दिला न्हवता."

मी "हो" म्हणालो. पुन्हा एकदा.

पेपरची ही पुरवणी पासलीला पोहोचली की शेजारची सून ती काकीला वाचून दाखवेल. काकी, त्या पोराचं नाव मला ठाऊक नाही. तो कॅप्टन नव्हता. त्याच्या खांद्यावरचे तारे मी लावले होते.