अहो, पडाल

इसमाचं वर्णन पुढीलप्रमाणे. वय सत्तावन्न. उंची मध्यम, बांधा सडपातळ, दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन्सिलीनं पाडलेला घट्टा. हुद्दा: दिवाणी न्यायालयातील लघुलेखक, वरिष्ठ श्रेणी. सेवा एकतीस वर्षे, शिक्षा निरंक, गैरहजेरी सहा दिवस, पैकी एक दिवस स्वतःच्या लग्नासाठी. वैवाहिक स्थिती: विवाहित.

ही शेवटची नोंद एकोणीस वर्षं चुकीची होती.

कचेरीत त्याला सगळे तंतोतंत म्हणत. साक्षीदार जे बोलेल ते लघुलिपीच्या रेघांमध्ये टिपायचं आणि दुपारी टंकून साहेबांच्या टेबलावर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. त्यात भर नाही, गाळ नाही. एकदा एका वकिलानं साहेबांच्या अकलेबद्दल पुटपुटलेलं वाक्य त्यानं तसंच्या तसं कागदावर उतरवलं. वकिलाला भर कोर्टात माफी मागावी लागली. ती माफीही यानंच टिपली. कोण खरं बोलतंय, कोण खोटं, हा विचार त्याच्या श्रेणीत बसत नव्हता. प्रश्न विचारायला वकील होते, निष्कर्ष काढायला साहेब होते. एकतीस वर्षांत त्यानं कोणाला काही विचारलं असेल तर ते एवढंच, "जरा सावकाश बोलाल का?"

अडतिसाव्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. मुलीची अट एकच होती. "माझा भाऊ माझ्याबरोबर येईल. पायानं अधू आहे, त्याला दुसरं कोणी नाही." तंतोतंतला त्यात वावगं वाटलं नाही. उलट घरात बोलायला एक माणूस आयता मिळतोय आणि आपल्यावरचा भार हलका होतोय, असंच वाटलं.

मेहुणा मागच्या खोलीत राहायला आला. वेताच्या खुर्च्या विणायचा. खोलीभर बैठक नसलेल्या खुर्च्या उलट्यासुलट्या टांगलेल्या असत. पाहुण्यांना त्या खोलीत बसायला सांगायची सोय नव्हती. पहिल्या दिवसापासून तो याला "भाऊजी" म्हणू लागला, तेही इतक्या सहज की सरावच केला असावा. बहीण त्याला "अरे" म्हणायची, रागावली की "गाढवा". लग्नानंतर आठव्या महिन्यात मुलगी झाली. ती मेहुण्याला "मामा" म्हणायला शिकली आणि याला "बाबा". असं छान चाललं होतं. छान चाललं होतं, असं सगळ्या जबान्यांच्या पहिल्या पानावर असतंच.

मग एका सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, मेहुणा पंख्याची पाती पुसायला अधू पाय सावरत स्टुलावर चढला. खाली खुर्चीत तंतोतंत पेपर वाचत होता. स्टूल डुगडुगलं. स्वयंपाकघराच्या दारातून बायको ओरडली,

"अहो, पडाल!"

दोघांच्याही माना वळल्या.

"नाही पडत गं," मेहुणा वरून म्हणाला. "तू दूध बघ."

ती दुधाकडे गेली नाही. दूध ऊतू गेलं. मुलगी तेव्हा अठरा वर्षांची होती आणि हसण्याची एकही संधी सोडत नसे. ती म्हणाली, "आई, बाबा खुर्चीत बसल्या बसल्या कसे पडतील गं?"

"त्यांनाच म्हटलं मी. त्या खुर्चीचा पाय हलतोय."

खुर्चीचा पाय हलत नव्हता. तंतोतंतनं पेपरच्या कडेला लघुलिपीत दोन शब्द लिहिले आणि समोर वेळ घातली. ही सवय होती, संशय नव्हे. पण लिहून झाल्यावर त्यानं ते वाचलं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतः लिहिलेलं कळलं. ज्या माणसाला बाई एकोणीस वर्षं "अरे" म्हणते, त्याचा जीव धोक्यात आल्यावर ती त्याला "अहो" म्हणेल, तर त्यातलं नाटक कोणतं आणि सवय खरी कोणती?

दुसऱ्या दिवशी त्यानं एक वही घातली. वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली असे; घरात लघुलिपी वाचणारा त्याच्याशिवाय कोणी नव्हता. त्यात त्यानं घरातलं बोलणं टिपायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी जेवताना मुलीनं विचारलं, "मामा, आजी कशी होती रे?"

"शांत. आवाज म्हणून कधी चढवला नाही बिचारीनं."

"हो, शांतच," बायको म्हणाली आणि भात वाढायला उठली. भात सगळ्यांच्या पानात होता.

आपल्या आईचा आवाज तीन घरं सोडून ऐकू जायचा, हे तिनंच पूर्वी कितीदा सांगितलं होतं. तंतोतंतनं आठवून पाहिलं. त्याची आठवण दप्तरासारखी होती, मागाल ते पान निघायचं. एकोणीस वर्षांत या भावाबहिणींपैकी एकाच्याही तोंडून "आपली आई" आलेलं नव्हतं. घरात "माझी आई" दोन होत्या.

न्यायालयाच्या तळमजल्यावर विवाह नोंदणीचं दप्तर होतं. तिथला कारकून चहाच्या वेळेला मोकळा असे.

"काय हो तंतोतंत, कोणाचं लग्न मोडायला निघालात?"

"जुनी नोंद बघायचीय. तेवीस-चोवीस वर्षांपूर्वीची."

"साहेबांनी मागितलीय?"

"नाही."

"मग चष्मा पुसून घ्या. त्या काळातल्या शाईनं लग्नांपेक्षाही लवकर रंग सोडलाय."

नोंद सापडली. वधूच्या रकान्यात बायकोचं माहेरचं नाव. वराचं आडनाव अनोळखी होतं, पण खालची सही ओळखीची. खुर्ची विणून झाली की मेहुणा पावतीवर अशीच सही करायचा, शेवटच्या अक्षराचं शेपूट वर ओढून. घटस्फोटाच्या रजिस्टरात दोघांचंही नाव नव्हतं.

'पहिला विवाह अस्तित्वात असल्याने दुसरा रद्दबातल' हे वाक्य त्यानं इतक्यांदा टंकलं होतं की बोटांना पाठ होतं. त्या वाक्यानं फारसं काही दुखलं नाही. बायको आपली नव्हती. ठीक आहे, तिनं तसं भासवलं तरी नीट होतं. पण घरी जाताना जिन्याच्या मधल्या पायरीवर तो थांबला. आठव्या महिन्यात झालेली मुलगी. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या वजनाचं कौतुक केलं होतं. त्यानं ते ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं आणि निष्कर्ष काढला नव्हता. वरून मुलगी ओरडत होती, "बाबा, तिथेच काय उभे राहिलात? दम लागला का?" तिच्या तोंडून तो शब्द गेला, तर घर, पेन्शन, पोटाची भूक, कशालाच काही अर्थ उरणार नव्हता.

त्यानं वहीत एकच ओळ लिहिली. आयुष्यात स्वतःहून लिहिलेला पहिला प्रश्न: लेक कोणाची?

सकाळी वही नेहमीसारखी टेबलावर राहिली. संध्याकाळी साडेपाचला तो परत आला, तेव्हा प्रश्नाखाली चार ओळी होत्या. स्वयंपाकघरातल्या जाड पेन्सिलीनं लिहिलेल्या, कच्च्या हाताच्या, पण लघुलिपीतच.

मुलगी दहा वर्षांची असताना त्यानं तिला हे शिकवायला घेतलं होतं. आठ दिवसांत ती कंटाळली. शेजारी भाजी निवडत बसलेली तिची आई कंटाळली नव्हती. पुस्तक पुढे बरीच वर्षं कपाटाच्या वरच्या कप्प्यात होतं. तो समजत होता, ते तिथे आपण ठेवलंय म्हणून आहे. म्हणजे वहीतली प्रत्येक ओळ तिनं रोजच्या रोज वाचली होती आणि वाचून त्याला गरम पोळ्या वाढल्या होत्या.

त्यानं लिप्यंतर केलं. 'कारखान्यात त्याचा पाय अधू झाला, तेव्हा दोघांना कोण सांभाळणार होतं? चांगला माणूस बघूनच फसवलं. तुम्ही टिपलंय ते सगळं खरं आहे.'

चौथी ओळ दोन शब्दांची होती. पहिला 'लेक'. दुसरा 'तुमची' असेल किंवा 'त्याची'. लघुलिपीत या दोन शब्दांमध्ये फरक मधल्या एका छोट्या वळणाचा. तिथे काहीतरी होतं. वळण असेल, जाड पेन्सिल घसरलेली असेल. पक्क्या हाताकडून ही चूक होत नाही, आणि लघुलिपी न येणाऱ्याकडून तर होऊच शकत नाही. त्यानं पान उजेडाकडे धरलं, भिंग लावलं, पाठीमागून बोट फिरवून दाब पाहिला. मग तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

ती कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"वाचलंत?"

"हो."

"लागलं सगळं?"

"हात नवखा आहे."

"शिकवायला कोणी नव्हतं."

मागच्या खोलीतून ओल्या वेताचा करकर आवाज येत होता. तो थांबला.

"काही विचारायचंय?" ती म्हणाली. आता तिनं वर पाहिलं. तिचे दोन्ही हात कणकेत होते आणि ती खरंच सांगणार होती, हे त्याला दिसलं. साक्षीदार खरं बोलण्याआधी कसा श्वास घेतो, ते त्यानं हजारदा पाहिलं होतं.

बाहेर मुलगी चपला शोधत होती. "बाबा, माझी एक चप्पल तुमच्या खुर्चीखाली आहे का हो?"

"बघतो," तो म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "नाही. काही नाही विचारायचं."

त्यानं चप्पल काढून दिली. दार लागल्यावर तो टंकयंत्राशी बसला, कोरा कागद चढवला आणि चारही ओळी स्वच्छ अक्षरांत टंकल्या. चौथ्या ओळीत 'लेक तुमची' असं टंकलं. खाली, प्रत्येक जबानीच्या शेवटी घालतात तो शेरा घातला: 'वाचून दाखविले, बरोबर असल्याचे मान्य केले.' तारीख घातली, सही केली.

वाचून दाखवलं कोणालाच नव्हतं.