गुणाजीची तिसरी तार

गुणाजी म्हात्रे कोलशेतचा. बाप जन्मभर मिठागरात राबला, पण गुणाजी ठाण्याला आला, परीक्षा दिली आणि वायरमन झाला. परवान्याचा कागद तो पिशवीत जपून ठेवी आणि कुणी न मागता काढून दाखवी. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसले, त्याची आता लाज वाटते.

चोपन्न साली आमच्या ह्यांनी विजेची शेगडी आणली. दिव्याच्या होल्डरमधूनच ती जोडायची, असा ह्यांचा बेत. आळीत सगळे तेच करत. गुणाजीनं साफ नाही म्हटलं.

"दिव्याची तार बारीक हाय. शेगडीचा भार तिला झेपनार नाय. घर पेटवाल, भाऊ."

मीटरकडून येणारी जाड तार माजघरातल्या जंक्शन बॉक्समध्ये येई आणि तिथून तिला फाटे फुटत. तिथूनच स्वयंपाकघरासाठी वेगळी जाड तार, तिचा वेगळा फ्यूज आणि तीन भोकांचा सॉकेट, असं त्यानं ठरवलं. तिसऱ्या भोकाची तार परसात जाणार होती. तिथं त्यानं खड्डा खणला, पाइप पुरला आणि भोवती कोळसा नि मीठ भरलं. काम करताना मुख्य फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवला. दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता.

अडलं ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. माझ्या सासूबाई, उत्तराबाई, कडक सोवळ्याच्या. गुणाजीनं बाहेरून तार द्यावी आणि आतली जोडणी मी करावी, असा त्यांचा हुकूम!

"मंग माझ्यानं व्हनार नाय," गुणाजी म्हणाला. "ओल्या लुगड्यानं बाई शेगडीला शिवनार. आतलं काम मीच करीन, नायतर शेगडी दुकानात परत द्या."

माझा पारा चढला. "सासूबाई, त्या शेगडीपुढे मला बसायचंय. सोवळं टिकेल, मी टिकायला नको का?"

घरात पहिल्यांदाच मी त्यांना उलट बोलले. त्या दारातून बाजूला झाल्या.

तिन्हीसांजेला काम संपलं. गुणाजीनं शेगडी लावून दाखवली, तिच्यातली तार लालभडक झाली आणि तो परसातला खड्डा बुजवायला गेला. इकडे सासूबाईंनी तांब्या उचलला. परक्याचा हात लागलेली वस्तू शुद्ध करून घ्यायची, ही त्यांची रीत. बटण बंद करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. एक हात शेगडीच्या लोखंडी कडेवर ठेवून त्यांनी पाणी ओतलं.

फाडकन आवाज झाला. मी किंचाळले. शेगडी विझली, माजघरातला दिवा मात्र जळतच होता.

गुणाजी धावत थेट आत आला. आधी बटण बंद केलं, मग सासूबाईंना हात धरून मागे ओढलं.

"मला काही झालं नाही रे, नुसता आवाज झाला," त्या म्हणाल्या.

"काकू, पान्यानं वीज लोखंडात उतरली, ती तिसऱ्या तारेनं जमिनीत गेली आनि शेगडीचा फ्यूज उडाला. ती तार नसती तर तुमच्या अंगातून गेली असती." एवढं बोलून तो तिथंच भिंतीला टेकून बसला. शेगडीकडे आणि सासूबाईंकडे आळीपाळीनं बघत राहिला. आपलं काम इतकं चोख निघालेलं पाहून माणूस घाबरतो, हे मी तेव्हा पाहिलं. मला त्याचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चित्राच्या घरी शेगडी आली. गुणाजी तिथंही उंबऱ्याबाहेर उभा आहे असं कळताच सासूबाई तरातरा गेल्या आणि चित्राच्या सासूला म्हणाल्या, "त्याला आत घ्या. काल मी मेले असते."

गुणाजी चपला काढून आत गेला.