अन्नपूर्णाबाई आणि फॅमिली पेन्शनचा फॉर्म

जनकोजीराव १९६१ साली वारले आणि त्याच महिन्यात त्यांची पेन्शन बंद झाली. मद्रासमधल्या एग्मोरच्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले, त्यालाही सात वर्षं लोटली होती. त्या वेळच्या नियमांत त्यांच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, काहीच मिळत नव्हतं. त्या मद्रासजवळच्या आवडी गावी धाकट्या भावाकडे, तुकोजीकडे, राहायला आल्या. सरकारी क्वार्टर्सच्या ओळीत सगळे त्यांना अक्का म्हणू लागले.

चौसष्ट साली तुकोजीनं ऑफिसातून एक परिपत्रक आणलं, सोबत एक फॉर्म होता. सरकारी नोकर गेला तर त्याच्या बायकोला आता जन्मभर पेन्शन मिळणार होती.

"मलाही?" अक्कांनी विचारलं.

तुकोजीनं मान खाली घातली. "भावजी आधीच निवृत्त झाले होते, अक्का. नोकरीत आहेत त्यांच्यासाठीच आहे हे."

अक्कांनी हातातला अप्पळम, म्हणजे पापड, लाटून पुरा केला. मग म्हणाल्या, "तू भरलास का फॉर्म?"

तुकोजीनं भरला नव्हता. ओळीतल्या बहुतेकांनी भरला नव्हता. त्यासाठी ग्रॅच्युइटीतली दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम सोडावी लागणार होती, आणि ती कुणाला सोडवत नव्हती. त्या संध्याकाळी अक्कांनी भावाला समोर बसवून सही करायला लावली. दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघरी जाऊ लागल्या.

शेजारचा उमाकांत काही ऐकेना. "अक्का, मुलीच्या लग्नाला तो पैसा लागेल. आणि मी चांगला धडधाकट आहे."

"हेही धडधाकटच होते," अक्का म्हणाल्या. "पेन्शनचं पुस्तक परत करायला मी गेले होते. कारकुनानं शिक्का मारला, पुस्तक कपाटात ठेवलं आणि म्हणाला, झालं, बाई. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. काय झालं तेच मला कळेना. चंद्रिकेला त्या बाकावर बसवू नका."

स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असलेली त्याची बायको चंद्रिका आत निघून गेली. उमाकांतनं फॉर्म घडी करून खिशात ठेवला. अक्का आणखी तीनदा गेल्या. एकदा तर त्यानं त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यानं सही केली, पण तसं अक्कांना सांगितलं नाही.

चार वर्षांनी तो कामावरच छाती धरून कोसळला आणि गेला.

अडीच महिन्यांनंतर चंद्रिका एक लांबट लिफाफा घेऊन अक्कांकडे आली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. अक्कांना तोडकंमोडकं येई. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागल्या. एका जागी बोट थांबलं.

"पेन्शन मंजूर झाली. हे तुझं नाव," त्या म्हणाल्या. "त्यांचं नाही. तुझं."

चंद्रिका तिथंच खाली बसून रडू लागली. अक्कांनी तिला रडू दिलं, मग कॉफी करून दिली.

अन्नपूर्णाबाईंनी स्वतःसाठी तीन अर्ज केले होते. तिन्हींना एकच उत्तर आलं: नियमात बसत नाही. चंद्रिका घरी गेल्यावर त्यांनी तुकोजीला हाक मारली आणि चौथा अर्ज लिहायला बसवलं.

"काय उपयोग, अक्का?" तो म्हणाला.

"लिही," त्या म्हणाल्या. "माझ्यासारख्या अजून कितीतरी आहेत, हे त्यांना माहीत तरी असू दे."