गाडी शिकवता शिकवता

कापसाची ती वाईट वर्षं होती. माझे यजमान तेव्हा महागाव तालुक्यात पटवारी होते. एखाद्या शेतकऱ्यानं जीव दिला, की चौकशीला त्याच्या घरी जायचं काम यांच्याकडे यायचं. ओसरीवर बसायचं, त्याच्या बायकोला, म्हाताऱ्या आईला प्रश्न विचारायचे आणि निघायचं. आधी हे घरी येऊन आंघोळ करून नीट जेवत. मग जेवण तुटलं. पुढे पुढे संध्याकाळी पायातले बूटही न काढता खुर्चीत बसून राहायचे. मुलीनं हाक मारली तरी मान वळायची नाही.

शेजारणी म्हणायच्या, "सरकारी नोकरी हाये, यायले कायचं दुःख?" शेवटी मीच एकदा विचारलं.

"माणूस त्यायच्या घरचा गेला," हे म्हणाले. "मले काय झालं? मी कायले रडू?" आणि बोलता बोलता रडायलाच लागले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी यांना रडताना पाहत होते. पाठीवर हात ठेवून तशीच बसून राहिले.

यवतमाळला मनाच्या आजाराचे डॉक्टर आहेत हे मला गावातल्या नर्सबाईंनी सांगितलं. हे ऐकेनात.

"लोक पागल म्हणतीन मले."

"साखर वाढली असती तर गेले असते ना? चला, मी येते संगं."

एसटीत खिडकीशी बसवलं. दवाखान्यात यांनी रुमालानं अर्धं तोंड झाकून घेतलं होतं. डॉक्टर तरुण होते, पण घाई करत नव्हते. यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "गोळ्यांचा फरक दिसायला वेळ लागेल. तोवर मन घट्ट करा वगैरे सांगू नका. सकाळी घराबाहेर काढा, तेवढं पुरे."

तेवढंच तर अवघड होतं. फिरायला चला म्हटलं की हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मग मला एक युक्ती सुचली. यांची जुनी मोपेड दारात धूळ खात उभी होती. म्हटलं, "मले गाडी शिकवा. मुलीची शाळा लांब पडते."

"आता? या वयात?"

"मंग काय म्हातारी झाल्यावर?"

कसेबसे उठले. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात मी गाडीवर, हे मागून पळत. पहिले काही दिवस "ब्रेक", "हळू" याच्यापलीकडे एक शब्द नाही. पण सकाळी माझ्याआधी चप्पल घालून उभे राहू लागले. एकदा मी ब्रेकऐवजी रेस पिळली आणि गाडीसकट पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या ढिगात घुसले. साडीला काटक्या, केसांत बोंडाची टरफलं. हे धावत आले. लागलं नाही हे पाहिलं आणि हसायला लागले. इतके हसले, की तिथंच खाली बसले. मीही त्या ढिगात पडल्या पडल्या हसत होते. रस्त्यानं जाणारा गुराखी आमच्याकडे पाहतच राहिला.

त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं असं नाही. गोळ्या बरेच दिवस चालल्या. साहेबांना आजार सांगून काही महिने ऑफिसातलं काम मागून घेतलं, तेही यांनी स्वतःच. एकदा बरं वाटतं म्हणून गोळ्या मनानंच सोडल्या, तेव्हा पुन्हा जेवण तुटलं. पण या वेळी हेच म्हणाले, "यवतमाळले जाऊन येऊ का?" मला केवढा धीर आला!

पुढे चौकशीची कामं पुन्हा आली. आता प्रश्न संपले तरी हे लगेच उठत नसत. त्या घरचा चहा घ्यायचे, गेलेल्या माणसाबद्दल घरचे बोलतील तेवढं ऐकायचे. घरी आले, की मी भाकरी थापायची आणि हे चुलीजवळ पाट ओढून मला सांगायचे, तो कसा होता, त्याला काय आवडायचं. कधी डोळे पुसत, पण पोटभर जेवायचे. वर एखादी भाकरी मागून घ्यायचे.