पोकलेनमामांची साक्ष

पोकलेनमामांना पाणथळ समितीवर घेतलं तेव्हा अर्ध्या गावाला हसू आवरेना. बोक्याला दुधाची राखण दिली, असं लोक म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पोकलेन म्हणजे माती उपसायचं ते लांब हाताचं यंत्र. ते चालवण्यात या माणसाने तीस वर्षं काढली होती. गावाच्या दक्षिणेला दलदल होती, ती बुजवून तिथे गोदामं उभी राहिली. त्या भरावाची पहिली बकेट मामांची आणि शेवटचीही त्यांचीच. पुढे कमरेच्या मणक्याने संप पुकारला, डॉक्टरांनी यंत्रावर चढायला सक्त मनाई केली, आणि मामा घरी बसले.

समितीत ते गेले तेही भांडायला. दक्षिणेची दलदल गेल्यापासून पाऊस जरा जोराचा झाला की पाणी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या गल्लीत शिरायचं. एका वर्षी तिचं शिवणयंत्र दोन दिवस गुडघाभर पाण्यात उभं राहिलं. मामा तणतणत नगर कार्यालयात शिरले, तर आत समितीची बैठक चालू होती. अध्यक्षबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मामा, तिथे भराव कुणी घातला होता?"

मामांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"आमच्याकडे पाचवी खुर्ची रिकामी आहे," बाई म्हणाल्या. "कुणी यायला तयार नाही. तुम्हाला माती कळते. बसा."

मामा बसले. चार वर्षं झाली, महिन्याची एकही बैठक त्यांनी चुकवली नाही. काम तसं किचकट. पाणथळीच्या काठापासून तीस मीटरच्या आत कुणी काही बांधायचं नाही. त्यापलीकडे बांधायचं, तर छपरावरचं आणि रस्त्यावरचं पाणी तेल-गाळासकट थेट दलदलीत सोडायचं नाही, आधी खड्ड्यात निवळू द्यायचं. कुणाला कुंपण हवं असे, कुणाला गॅरेज. लोक चिडले की मामा म्हणायचे, "अहो, दलदल म्हणजे गावाची गाळणी. गाळणीत सिमेंट ओतलंत तर चहा डोक्यावर गाळणार का?"

मग उत्तरेच्या दलदलीची फाइल आली. कंपनी मामांच्या जुन्या मालकांची. दलदलीला लागून मोठी बाजार-इमारत आणि दोनशे गाड्यांचा तळ. सल्लागाराने नकाशा टेबलावर पसरला. दलदलीचा काठ निळ्या रेघेने दाखवला होता, आणि इमारत त्या रेघेपासून चाळीस मीटर दूर. सगळं नियमात.

मामांनी चष्मा लावला आणि रेघेवरून बोट फिरवलं. रेघ फार आत होती. त्यांच्या आठवणीतला काठ जिथे होता, तिथे नकाशावर बाजाराचा दरवाजा होता.

सल्लागार खोटं बोलत नव्हता. त्याने ठिकठिकाणी माती तपासली होती आणि ती खरंच कोरडी होती. ती कोरडी का, हे त्या खोलीत एकट्या मामांना ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मालकांनी तिथे लांबलचक चर खणायला लावला होता. चरात खडी, खडीत भोकं पाडलेला पाइप, त्यावर पुन्हा माती. पाइपाचं तोंड रस्त्याखालून गटारात. "जमिनीत पाणी तुंबतं," एवढंच तेव्हा सांगितलं होतं. तेव्हापासून तो पाइप गुपचूप दलदलीचं पाणी पीत होता. लव्हाळा मागे हटला, साधं गवत पुढे आलं, आणि काठ दर वर्षी थोडा थोडा आत सरकत गेला.

चर खणणारे हात मामांचेच होते.

अर्जाच्या शेवटच्या पानावर साइटप्रमुखाची सही होती. ती त्यांच्या जावयाची.

त्या दिवशी मामांनी फाइल मिटून पुढे सरकवली. निर्णयासाठी दोन आठवड्यांनी खास बैठक ठरली. घरी ते ताटातलं चिवडत बसू लागले. चौथ्या दिवशी बायकोने ताट पुढून ओढूनच घेतलं. "अहो, गिळवत नाही तर बोला तरी. घरात काही मतदान नाही चाललेलं."

त्यांनी सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आधी जावयांना सांगा. चारचौघांत त्यांना कळायला नको."

रविवारी दुपारी मामा लेकीकडे गेले. जावई खुशीत होता. काम मंजूर झालं की सगळा प्रकल्प त्याच्या हाताखाली येणार होता. मामांनी पाइपाची गोष्ट सांगितली. सांगून होईपर्यंत जावयाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मामा, कागदावर असा कुठलाही पाइप नाही."

"कागदावर नाही म्हणून तर सांगतोय."

"बावीस वर्षं गप्प बसलात ना? मग आणखी एक बैठक बसलात तर काय आभाळ कोसळणार आहे?"

लेकीने भांडी उचलली आणि मोरीत अशी आदळली की मामांना तिच्या मनातलं सगळं कळलं.

दोन दिवसांनी सकाळी मालक स्वतः दारात. मामा कुंड्यांना पाणी घालत होते. मालकांना हे कुणी सांगितलं, ते मामांनी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

"कंबर कशी आहे?" मालकांनी विचारलं.

"आहे आपली."

"जप. आणि तोंडही जप." मालक आवाज चढवत नसत, ही त्यांची जुनी सवय. "चर कुणी खणला? तू. मी कुठे यंत्रावर बसलो होतो? बोललास तर आधी तू बुडशील, मग तुझा जावई. मी काठावरच उभा असेन."

"मालक, तेव्हा तुम्ही सांगितलंत म्हणून—"

"कागद दाखव." मालक हसले आणि गाडीत बसले. मामांच्या हातातल्या झारीचं पाणी त्यांच्याच पायावर सांडत होतं.

बैठकीच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मालक, त्यांचा वकील, सल्लागार पुढच्या रांगेत. जावई भिंतीशी उभा, नजर जमिनीला. विषय पुकारला तसे मामा उठले. त्यांनी टेबलाची कड धरली.

"या अर्जावर माझ्या जावयाची सही आहे. मी मत देणार नाही. पण मला साक्ष द्यायची आहे."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग खुर्ची सोडून समोर या."

मामा समोर गेले आणि सगळं बोलले. चर, खडी, पाइप, आणि ते खणणारा आपणच, हेही. मागून कुणीतरी "वा रे बोका!" म्हणालं. वकील उठला.

"कागद आहे?"

"नाही."

"फोटो?"

"नाही."

"दुसरा साक्षीदार?"

"दोन मजूर होते. एक वारला. दुसरा कुठे गेला ते माहीत नाही."

"म्हणजे बावीस वर्षांपूर्वीची आठवण, तीही एकट्याची. आणि ती झाली नेमकी आत्ता!" वकील सभेकडे वळून हसला, सभाही हसली. मामांचे कान तापले.

बाईंनी टेबलावर पेन आपटलं. "हसण्यासारखं काय आहे? जमीन काही पळून गेलेली नाही. खणून बघू." बराच वेळ हुज्जत झाली, आणि शेवटी ठरलं: परवा सकाळी, कंपनीच्याच यंत्राने, समितीसमोर, फक्त तीन खड्डे. मामांनी जागा दाखवायची. पाइप निघाला नाही, तर अर्ज आहे तसा मताला.

ठरल्या दिवशी सकाळी मामा जागेवर पोचले आणि हबकले. चराची खूण म्हणून एक वाकडं झाड त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. ते झाड नव्हतं. विजेचा खांबही सरकवलेला. जिथे तिथे सारखंच गवत. त्यांनी मनाशी अंदाज बांधून पहिली जागा दाखवली. यंत्राने पुरुषभर खणलं. पिवळी माती, दुसरं काही नाही. वीस पावलं डावीकडे दुसरा खड्डा. दोन मोठे धोंडे आणि पुन्हा पिवळी माती.

मालक गाडीला टेकून उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. समितीतला औषध-दुकानदार दुसऱ्या सदस्याच्या कानात काही पुटपुटला. मामा दोन्ही खड्ड्यांकडे पाहत राहिले. आपल्याला भ्रम तर झाला नाही? नसलेल्या पाइपासाठी लेकीचा संसार पणाला लावला की काय? ते चार पावलं पुढे जात, थांबत, मागे येत. कुठूनच काही ओळखीचं वाटेना.

मग त्यांचं लक्ष यंत्राकडे गेलं, आणि एकदम उमगलं. ही जागा त्यांनी जमिनीवर उभं राहून कधी पाहिलीच नव्हती. सगळा उन्हाळा पाहिली ती वर, केबिनमधून.

"मला वर बसू द्या," ते म्हणाले.

"मुळीच नाही!" मालक पहिल्यांदाच ओरडले. "आमचं यंत्र आहे. परक्या माणसाने हात लावायचा नाही. त्याला काही झालं तर जबाबदार कोण?"

अध्यक्षबाई काही म्हणणार, तेवढ्यात जावई दवाने भिजलेल्या गवतातून तरातरा यंत्रापाशी गेला आणि चालकाला म्हणाला, "खाली उतर."

"अरे, तू कुणाचा माणूस?" मालक म्हणाले.

"साइटवर यंत्रावर कोण बसेल ते साइटप्रमुख ठरवतो. अजून तरी तो मीच आहे." त्याने मामांकडे न बघताच हात पुढे केला. "या. डावा पाय आधी."

मामा चढले. मणक्यातून कळ अशी गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बसल्यावर त्यांनी श्वास रोखून समोर पाहिलं. लांबवर गावाची पाण्याची टाकी, तिच्यामागे टेकड्यांची रांग. दोन टेकड्यांमधल्या खिंडीत टाकीचं टोक बरोबर बसायचं, तिथे चर वळायचा. आत्ता टोक खिंडीच्या बरंच उजवीकडे दिसत होतं. त्यांनी यंत्र हळूहळू मागे घेतलं. टोक सरकत सरकत खिंडीत येऊन बसलं. मामांनी बकेट टेकवली.

पहिल्या हाताला माती. दुसऱ्या हाताला माती. तिसऱ्या हाताला खालून कर्रर्र आवाज आला, आणि मामांच्या तळव्यांना तो कानांआधी कळला. खडी. त्यांनी बकेट अलगद, एखाद्या झोपलेल्याचं पांघरूण काढावं तशी ओढली. खाली काळा पाइप होता. बकेटचा दात लागून त्याला चीर गेली, आणि तिच्यातून पाणी भळभळा वाहू लागलं. कित्येक आठवडे पाऊस नव्हता, तरी वाहत होतं.

सल्लागार खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला आणि आपला नकाशा त्याने घडी करून खिशात घातला. मालकांची गाडी निघून गेल्याचं लोकांच्या नंतर लक्षात आलं.

मतदान तीन विरुद्ध एक झालं. अर्ज नामंजूर. पाइप दोन्ही तोंडांना बुजवायचा, दोन पावसाळे थांबायचं, मग काठ नव्याने मोजायचा. इतिवृत्तात चर खणणाऱ्याचं नाव लिहावं की नाही यावर बाई जरा अडखळल्या. मामा म्हणाले, "लिहा. पूर्ण लिहा." त्यांना समितीकडून लेखी समजही मिळाली. तिच्यावर सही करणाऱ्यांत औषध-दुकानदारही होता, आणि विरोधातलं ते एक मत त्याचंच, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

त्या एका चढण्यापायी मामा दीड महिना अंथरुणाला खिळले. जावयाचं काम आठवड्याच्या आत सुटलं. सात महिने तो घरी होता. त्या सात महिन्यांत लेक दर बुधवारी आईला भेटायला यायची आणि बापाच्या खोलीच्या दारातूनच "औषध घेतलंत का?" विचारून जायची. मामा "हो" म्हणायचे. पुढे जावयाला शेजारच्या शहरात पाणीपुरवठ्याच्या कामावर घेतलं. रोज दीड तास जाणं, दीड तास येणं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर काठ मोजला तेव्हा तो एकोणचाळीस मीटर बाहेर सरकला होता. मधल्या पट्ट्यातलं गवत कुजलं, त्याची घाण सुटली, डास झाले, आणि त्या बाजूच्या लोकांनी मामांच्या नावाने बोटं मोडली. कंपनीने निम्म्या आकाराचा नवा अर्ज केला, इमारत मागे, गाड्यांच्या तळाचं पाणी निवळायला दोन तळी. तो मंजूर झाला. त्या मतदानाच्या वेळी जावई कंपनीत नव्हता, त्यामुळे मामांना मत देता आलं. त्यांनी बाजूने दिलं.

आता लेक खोलीत येऊन बसते. जावई फोनवर मोजकंच बोलतो, पण कमरेची चौकशी करतो. एकदा मामांनी धीर करून विचारलं, "त्या दिवशी मला वर का बसवलंस?"



"तुम्ही खोटे ठरावेत असं मला फार वाटत होतं, मामा," जावई म्हणाला. "पण तुम्ही वर बसायला मागितलंत तेव्हा मालक घाबरले. ते मी पाहिलं."